सिमकार्ड कोणाच्या नावावर?

प्रश्न : केनियातील काकुमा छावणीत निर्वासितांना अन्नासाठीची मदत मोबाइलवर दिली गेली, असे वाचनात आले. मोबाइलवर पैसे येऊ लागले म्हणजे माणूस आर्थिक व्यवस्थेत सामील झाला, असे मानावे का?
– समाजकार्याची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तसे मानणे घाईचे ठरेल. सफारीकॉम कंपनीने २००७ मध्ये सुरू केलेल्या एम-पेसा सेवेमुळे बँकेत खाते नसलेल्या केनियन माणसालाही मोबाइल क्रमांकावर पैसे ठेवता, पाठवता आणि जवळच्या एजंटाकडून रोख काढता येऊ लागले. मात्र त्यासाठी सिमकार्डाची नोंदणी लागते आणि नोंदणीला सरकारमान्य ओळखपत्र लागते. निर्वासिताला ते मिळण्यास फार विलंब होत असल्याने पुष्कळ जण ओळखीच्या केनियन नागरिकाच्या नावावर सिमकार्ड घेतात. अशा क्रमांकावरील रकमेचा नोंदणीकृत धनी तो नागरिकच असतो, त्यामुळे फोन हरवला किंवा संबंध बिघडले तर खऱ्या मालकाला आपला हक्क सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

जागतिक अन्न कार्यक्रमाने २०१५ मध्ये सुरू केलेली ‘बांबा चाकुला’ योजना याहून वेगळी होती. तीत कुटुंबाला सिमकार्ड मिळे व दरमहा त्यावर रक्कम जमा होई, पण ती केवळ ठरावीक दुकानदारांकडे अन्नासाठी खर्च करता येई. ती रोख काढता येत नसे. म्हणजे स्वरूप खात्याचे असले तरी व्यवहार शिधापत्रिकेचाच होता. महिना संपण्यापूर्वी धान्य संपले की कुटुंब उधारीवर माल घेई आणि काही दुकानदार तारण म्हणून सिमकार्ड व त्याचा गुप्त क्रमांकही स्वतःकडे ठेवून घेत, त्यामुळे पुढील महिन्याची रक्कम जमा होताच तिच्यावर पहिला हात दुकानदाराचा पडे, आणि दुसऱ्या दुकानात भाव कमी असला तरी त्या कुटुंबाला तिकडे वळता येत नसे. जवळच्या कालोबेयेई वसाहतीत २०१९ मध्ये काही कुटुंबांना बँक खात्यात निर्बंधमुक्त रक्कम देण्यास सुरुवात झाली, हे पाऊल निश्चितच अधिक न्याय्य होते.

युगांडाने २०१९ मध्ये पंतप्रधान कार्यालयाकडून मिळणारे निर्वासित-प्रमाणपत्र सिमकार्डासाठी ग्राह्य धरले. एका कागदाला मान्यता देण्याचा असा निर्णय नव्या ॲपपेक्षा अधिक मोलाचा आहे, कारण स्वतःच्या नावाचा क्रमांक असेल तरच बचत, कर्ज आणि तक्रार या तिन्हींचा हक्क निर्वासिताला स्वतः बजावता येतो.