जाळीचे कुंपण आणि आडोसा

शाळेभोवती तारेची जाळी उभी राहिली की गुरेढोरे आवारात शिरत नाहीत, लावलेली रोपे जगतात आणि मधल्या सुट्टीत मुले एकाएकी रस्त्यावर धावत नाहीत. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेस भिंत अथवा कुंपण असावे असे ठरविले, आणि त्याच्याच परिशिष्टात मुलामुलींची स्वच्छतागृहे स्वतंत्र असावीत असेही सांगितले. या दोन गोष्टी एकमेकींशी किती निगडित आहेत हे मात्र पुष्कळदा ध्यानी येत नाही. जाळी जनावरास अडविते; नजरेस अडवीत नाही. विटा–कराड मार्गासारख्या वाहत्या रस्त्यालगत शाळा असली आणि स्वच्छतागृहाचे दार रस्त्याकडे उघडत असले, तर सहावी-सातवीतील मुलगी तक्रार करीत नाही. ती दिवसभर पाणी पिणेच टाळते. एखादी दुपारच्या सुट्टीत घरी जाते ती परत येत नाही. हजेरीपत्रकात याचे कारण कधीच लिहिले जात नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे सगळ्या जाळीस हिरवे शेडनेट अथवा पत्रे बांधून टाकणे. तो बरा नव्हे. खानापूर तालुक्याचे माळ उघडे आहेत, आणि वैशाखातील वळवाचा वारा कसा येतो हे तेथील शिक्षकांस सांगावयास नको. मोकळ्या जाळीतून वारा निघून जातो. जाळी झाकली की ती शिडासारखी फुगते. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ६ किलो भाराएवढा दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे २४ किलो होतो. दोन खांबांमधील अंतर ८ फूट व उंची ५ फूट धरली तर तेवढ्या पट्ट्यावर सुमारे ९० किलो भार येतो. तिसरीचौथीतील तीन-चार मुले एकाच वेळी जाळीस लोंबकळावीत, तसेच हे झाले. साध्या जाळीसाठी रोवलेले लोखंडी खांब एवढ्याने कलतात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. पूर्ण झाकलेल्या आवारात आत काय चालले आहे हे बाहेरच्या कोणासच दिसत नाही. मुलांच्या सुरक्षिततेस गावाचे लक्ष हवे असते. क्रीडांगण उघडेच राहावे.

मग आडोसा कोठे करावा? जे झाकावयाचे त्याच्या जवळ. हा सातवीच्या वर्गात प्रमाणाचा पाठ म्हणून घेता येईल. रस्त्यावरून जाणाऱ्या एस. टी. गाडीतील माणसाचा डोळा जमिनीपासून ८ फूट उंच आहे असे समजावे. तो कुंपणाबाहेर २० फुटांवर आहे, कुंपण ५ फूट उंच व पूर्ण झाकलेले आहे, आणि स्वच्छतागृहाचे दार कुंपणाच्या आत २० फुटांवर आहे. डोळ्यापासून कुंपणाच्या माथ्यावरून सरळ रेषा काढली तर ती दारापाशी जमिनीपासून अवघ्या २ फुटांवर येते. म्हणजे एवढा खर्च करूनही मुलगी गुडघ्यापासून वर दिसतेच. आता तेच सामान दारासमोर ४ फुटांवर, साडेसहा फूट उंच उभे करावे. तीच रेषा आता दारापाशी सव्वासहा फुटांच्याही वर राहते. सामान कितीतरी कमी लागते, वाराही थोडाच अडतो. मात्र एकच सरळ पडदा पुरत नाही. रस्त्याने पुढे जाणाऱ्यास तो बाजूने ओलांडून दिसते, म्हणून त्यास काटकोनात एक बाजू जोडावी. मुलांनी आकृती वहीत काढावी, मोजमाप टेपने प्रत्यक्ष घ्यावे. हा पाठ देताना स्वच्छतागृहाऐवजी पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेतले तर मुलींस संकोच वाटणार नाही.

जाळीचाच काही भाग झाकणे भाग पडले तर विणकामाची आठवण ठेवावी. १८४४ मध्ये इंग्लंडातील नॉरिच येथे चार्ल्स बार्नर्ड यांनी तारेची जाळी विणणारे यंत्र तयार केले, ते कापडाच्या मागावरून. विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावात ताणा-बाणा मुलांस शिकवावा लागत नाही. तुरीच्या काट्या जाळीच्या एका घरातून आत व दुसऱ्यातून बाहेर अशा उभ्या ओवाव्यात. मधल्या फटींतून वारा जातो, आणि रस्त्याने तिरप्या नजरेने पाहणाऱ्यास त्या फटी मिटलेल्या दिसतात. कडबा वापरू नये. तो शेजारच्या म्हशीसाठी आमंत्रणच ठरतो. शेडनेटबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दिवसा उजेड बाहेर असतो तोवर ते नजर अडविते. सायंकाळी आत दिवा लागला की बाहेरून आतले स्पष्ट दिसते.

काट्या वर्षा-दोन वर्षांत कुजतात. तोवर मागे जिवंत कुंपण वाढलेले असावे. त्यास अडुळसा उत्तम. तो सदा हिरवा असतो, पुरुषभर वाढतो, फांदीपासूनही लागतो, आणि शेळी त्यास तोंड लावीत नाही. त्याचे ‘अधातोडा’ हे शास्त्रीय नाव ज्या तमिळ शब्दावरून आले त्याचा अर्थच तसा आहे. कोयनेल व मेंदीही चालतील. घोसाळी, दोडक्याचे वेल पावसाळ्यात जाळी झटकन झाकतात, पण हिवाळ्यात वाळतात; गुळवेलीचीही पाने उन्हाळ्यापूर्वी गळतात. शेर मात्र शाळेत नको, त्याचा चीक डोळ्यांस घातक असतो. कण्हेर सर्वांगी विषारी आहे. घाणेरी एकदा पसरली की आवरत नाही.

लागवड मृगाच्या पावसानंतर, दीड फूट अंतराने दोन ओळींत करावी. दुसऱ्या ओळीतील रोप पहिलीतील दोन रोपांच्या मध्ये यावे. पाण्याची ओढ असलेल्या या भागात निराळे पाणी काढणे कठीण, म्हणून मुले जेवणापूर्वी हात धुतात ते पाणी एका चरातून कुंपणाकडे न्यावे. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत तो चर कोरडा पडतो. त्या आठवड्यांसाठी पाणी घालण्याची पाळी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत, सुट्टी लागण्यापूर्वी, नावानिशी लिहून घ्यावी.