तिसरा सभासद येताच चित्र का नाहीसे होते?

जित्सी मीट ही प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसवून दूरस्थ सभा किंवा वर्ग भरविणाऱ्यांना एक विचित्र अडचण येते. दोघे बोलत असतात तोवर चित्र व आवाज उत्तम. तिसरा येताच पडदे काळे. नवे कॅमेरे घेण्याची घाई होते ती येथेच. वस्तुतः कॅमेरा बहुधा निर्दोष असतो.

दोघांच्या सभेत चित्र शक्यतो एका संगणकाकडून दुसऱ्याकडे थेट जाते. तिसरा आला की ते सर्व्हरवरील व्हिडिओब्रिजमार्फत वाटले जाते. त्यासाठी यूडीपीचे १०००० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे एक प्रवेशद्वार, खुले असावे लागते. पृष्ठ मात्र टीसीपीच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टाने उघडते; म्हणून सभा भरलेली दिसते, पण चित्र पोहोचत नाही.

प्रथम फायरवॉल तपासावी. तेथे दोष नसल्यास सर्व्हर राउटरच्या मागे आहे काय, ते पाहावे. तसे असल्यास ब्रिज आपला अंतर्गत पत्ताच बाहेर कळवीत असण्याचा संभव असतो, आणि घरून शिकविणाऱ्या शिक्षकास त्या पत्त्याचा काहीच उपयोग नसतो. ब्रिजच्या मांडणीत सार्वजनिक पत्ता नोंदवावा, राउटरवरून ते पोर्ट सर्व्हरकडे वळवावे आणि ब्रिज पुन्हा सुरू करावा.

चाचणी तीन उपकरणांवर घ्यावी. त्यांपैकी एक तरी कार्यालयाच्या जाळ्याबाहेर, मोबाइलच्या डेटावर असावे.