गरुडाचा शोध आणि कासवाची अंडी : शास्त्रीय निरीक्षणाचे गद्य



ललित गद्यातील निसर्गवर्णनात लेखकाला काय जाणवले, याला महत्त्व असते. प्रस्तुत घटकात आपण ज्या गद्याकडे वळणार आहोत, त्यात प्रत्यक्ष काय दिसले आणि त्यावरून किती म्हणता येते, हे दोन प्रश्न मुख्य ठरतात. त्यासाठी कोकण किनाऱ्यावरील एका पक्षी-अभ्यासाचे उदाहरण घेतले आहे. गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावासारख्या ठिकाणी हा घटक वाचणाऱ्यांपैकी काहींनी समुद्र पाहिलाही नसेल. त्यामुळे अडचण येऊ नये. येथे समुद्रापेक्षा पाहण्याची रीत समजून घ्यावयाची आहे.

चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा अभ्यास करीत होते. या पक्ष्याच्या पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर असतो. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे मुख्य खाद्य. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर तो काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि डागडुजी करून तेच घरटे वर्षानुवर्षे वापरतो. अभ्यासकाच्या दृष्टीने ही सवय मोलाची आहे. घरटी मोजता येतात, पुढील वर्षी पुन्हा तपासता येतात. घरट्याखाली पडलेली हाडे व काटे पाहून जवळच्या समुद्रात काय उपलब्ध आहे, याचा अंदाजही येतो. मात्र ते झाड तोडले गेले, तर पक्ष्याचे घर आणि अभ्यासकाची नोंद दोन्ही एकदमच नष्ट होतात.

या सर्वेक्षणात 2002 साली अभ्यासक रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास येथे पोहोचले. (नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल.) तेथील किनाऱ्यावर त्यांना समुद्री कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली.

येथे क्षणभर थांबा. ‘वाळूत टरफले होती’ हे निरीक्षण आहे. ‘येथे कासवे अंडी घालतात’ हे अनुमान आहे. ‘अंडी माणसे काढून नेतात’ हे आणखी एक पाऊल पुढचे विधान असून ते केवळ टरफलांवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी गावकऱ्यांशी बोलावे लागते. अंडी खाण्यासाठी व विक्रीसाठी काढली जात असल्याचे चौकशीतून समजले. विद्यार्थ्यांच्या लेखनात ही तीन विधाने बहुधा एकाच वाक्यात कोंबलेली आढळतात आणि त्यामुळे खरी माहितीसुद्धा ऐकीव वाटू लागते.

गरुडाच्या अभ्यासकांनी टरफले ओलांडून पुढे जाणे सहज शक्य होते. तो त्यांचा विषय नव्हता. पण किनाऱ्यावरचे जीवन असे कप्प्यांत विभागलेले नसते. गरुडाला झाड हवे आणि मासाही हवा. कासव आयुष्य समुद्रात काढते, परंतु अंड्यांसाठी मादीला वाळूवरच यावे लागते.

ही कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. मादी एका वेळी साधारणतः शंभर ते सव्वाशे अंडी घालते आणि पिले बाहेर येण्यास सुमारे 45 ते 60 दिवस लागतात. पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. म्हणून अंडी कुंपणात हलविताना मूळ खड्ड्याइतकाच खोल खड्डा करतात. अंडी उलटीपालटी झाल्यास आतील जीव मरण्याचा धोका असतो, त्यामुळे हे काम लवकर आणि हलक्या हाताने करावे लागते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार या कासवाला संरक्षण होतेच. तरीही अंडी जात होती, कारण रात्रीच्या किनाऱ्यावर कायदा उभा नसतो, गावातील माणूस उभा असतो. घरटे नेमके कोठे आहे, हे वाळूवरील खुणांवरून ओळखण्याचे कौशल्य अंडी काढणाऱ्यांपाशीच होते. पूर्वी अंडी काढणारे काही जण पुढे त्यांचे राखणदार झाले. 2006 पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांच्या निवासातून गावाला उत्पन्नाची एक वाट मिळाली. आमच्या मते या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाचा शास्त्रीय तपशील हाच आहे : स्थानिकांचे ज्ञान टाकून न देता त्याचा उपयोग पालटला गेला.

स्वाध्याय

1. गोदावरीच्या काठावर किंवा आपल्या गावाजवळच्या तलावावर सलग अर्धा तास बसा. जे दिसेल त्यावर दहा वाक्ये लिहा. नंतर प्रत्येक वाक्यापुढे ‘निरीक्षण’ किंवा ‘अनुमान’ असे नोंदवा.

2. तेथील एका पक्ष्याला गावातील वडीलधारी मंडळी कोणत्या नावाने ओळखतात, ते विचारून लिहा. त्या नावात पक्ष्याचा रंग, आवाज की सवय सामावली आहे?