गवत गावाचे, वाट सर्वांची

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याला प्रथम हिंदी चित्रपट आठवतो. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चे काही चित्रण तेथे झाले. दिग्दर्शक यश चोप्रा यांचा पुतळाही २०१६ मध्ये इंटरलाकेन येथे उभारला गेला. आपले प्रवासी तो पाहतात, आगगाडीने युंगफ्राउयोख या ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानकापर्यंत जातात, बर्फात खेळतात व परततात. मला मात्र बर्फापेक्षा खालच्या हिरव्या गवताचे कुतूहल अधिक. हे गवत कोणाचे? त्यावर परक्या माणसाला फिरू कोण देते? प्रस्तुत लेखात एवढाच विचार केला आहे.

आल्प्समधील सगळीच कुरणे निसर्गाने दिलेली नाहीत. बरीचशी माणसाने जंगल तोडून केलेली आहेत आणि गुरे चरतात म्हणूनच ती मोकळी राहतात. चराई थांबली की झुडपे माजतात व पुढे रान वाढते. उन्हाळ्याच्या आरंभी गुरे वर नेतात आणि सप्टेंबरच्या सुमारास फुलांनी सजवून, गळ्यात मोठ्या घंटा बांधून खाली आणतात. (थाट आपल्या पोळ्यासारखा!) मधल्या काळात वर दुधाचे चीज होते, तर खाली दरीत गवत कापून हिवाळ्याची बेगमी केली जाते. २०२३ मध्ये युनेस्कोने या उन्हाळी चराईच्या परंपरेचा सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आता मालकीकडे वळू. वॅले प्रांतातील टोर्बेल गावाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाने १९८१ च्या आपल्या ग्रंथात त्याचा अभ्यास मांडला. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक मालमत्तेविषयीच्या विवेचनात त्याचा आधार घेतला. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टोर्बेलची शेते खाजगी, पण वरचे कुरण सामाईक. १५१७ चा तेथील नियम असा, की हिवाळाभर जितक्या गाई पोसता येतील, त्याहून अधिक कोणी कुरणात पाठवू नयेत. आमच्या दावणीला जनावरे आहेत आणि वैरण संपत आली की घरात काय चिंता पसरते ते मी पाहिले आहे, त्यामुळे या नियमातील शहाणपण मला लगेच उमगले. उन्हाळ्यापुरत्या गाई विकत घेऊन कुरण ओरबाडण्याची सोयच त्याने ठेवली नाही.

तथापि ही समता नव्हे. ज्याची जमीन मोठी, त्याची वैरण जास्त व त्याच्याच गाई जास्त. शिवाय १४८३ च्या दस्तऐवजानुसार बाहेरच्या माणसाने गावात जमीन घेतली, तरी त्याला कुरणाचा हक्क मिळत नसे. ऑस्ट्रॉमबाईंच्या सिद्धान्ताची स्तुती करताना कुंपणाबाहेरचा हा माणूस विसरला जाऊ नये, असे मला वाटते.

चराईला असा बंद असलेला दरवाजा चालणाऱ्याला मात्र उघडा आहे. १९१२ मध्ये अमलात आलेल्या स्विस दिवाणी संहितेच्या ६९९ व्या कलमान्वये रान व कुरणे, स्थानिक रूढीच्या मर्यादेत, सर्वांना खुली आहेत. तेथील रानमेवा व अळंबीही वेचता येतात. (युंगफ्राउयोखची आगगाडीही त्याच वर्षी सुरू झाली, पण तिला तिकीट लागते!) १९७९ मध्ये तर मतदारांनी पायवाटांना राज्यघटनेत स्थान दिले. आज अशा खुणा केलेल्या वाटा सुमारे ६५,००० किलोमीटर आहेत. पिवळ्या पाट्यांवर अंतर नव्हे, तर चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की वाट अवघड डोंगराची समजावी.

गुराख्याची अपेक्षा फार नसते. कापणीआधीच्या गवतात शिरू नये, वासराजवळ जाऊ नये (गाय अंगावर येते, हे आपल्याला सांगायला नकोच), आणि कुंपणाचे फाटक उघडून आत गेल्यावर ते पुन्हा लावून घ्यावे.