वेळेवर पैसे भरले, तरी जादा आकार का?

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडात, लेस्टरला, काही महिने राहून आलो. तिच्या शेजारी ऐंशी उलटलेल्या एक गुजराती बा राहतात. त्यांनी घरच्या फोनची जुनी बिलं फायलीत लावून ठेवली आहेत. एकही बिल उशिरा भरलेलं नाही, तरी प्रत्येक बिलात काही पौंडांची एक जादा ओळ दिसली. कारण विचारलं तर बा म्हणाल्या, "मी डायरेक्ट डेबिट केलं नव्हतं ना!" उशीर झाला की दंड बसतो, हे समजतं. पण वेळेवर, रांगेत उभं राहून पैसे भरणाऱ्यालाच दंड? हे कायद्यात बसतं का? आणि उद्या आपल्याकडेही येणार का?
— एक निवृत्त वाचक, नाशिक

उत्तर : पैसे कधी द्यायचे हे ठरवण्याचा हक्क बांनी स्वतःकडे ठेवला, त्याची ती किंमत. कंपन्या तिला हाताळणी खर्च, प्रक्रिया शुल्क अशी कारकुनी नावं देतात, आणि त्या नावांत थोडं तथ्यही आहे. पण सगळं नाही.

आधी डायरेक्ट डेबिट म्हणजे काय ते पाहू. खातेदार कंपनीला एक कायमची परवानगी देतो: बिलाची रक्कम माझ्या खात्यातून तुम्हीच परस्पर घ्या. आपल्याकडे पूर्वी ज्याला ईसीएस म्हणत आणि आज गृहकर्जाच्या किंवा एसआयपीच्या हप्त्यासाठी ज्याला नॅच मँडेट म्हणतात, त्याच जातीची ही सोय. स्टँडिंग ऑर्डर वेगळी. तिच्यात रक्कम आणि तारीख आपण ठरवतो, पैसे आपली बँक पाठवते. डायरेक्ट डेबिटमध्ये रक्कम आणि तारीख समोरचा ठरवतो आणि पैसे ओढून घेतो. दूधवाल्याने महिनाअखेर दारात येऊन पैसे मागणं आणि त्याला फडताळातल्या डब्यातून हिशेबाने स्वतःच घ्यायला सांगणं, यात जो फरक तोच हा. दूध तेच, रक्कम तीच. डबा कोणाच्या हाती, एवढाच मुद्दा.

ब्रिटनमध्ये ही पद्धत १९६४ साली युनिलिव्हर कंपनीने सुरू केली, असं मानलं जातं. तिला गावोगावच्या आइस्क्रीम विक्रेत्यांकडून पैसे वसूल करायचे होते. म्हणजे जन्मापासूनच ही वसुली करणाऱ्याची सोय होती. १९६८ पासून बँकांमधली बॅक्स ही यंत्रणा असे व्यवहार सांभाळू लागली आणि पुढे वीज, पाणी, विमा, फोन, नगरपालिकेचा कर, सगळंच त्या वाटेने जाऊ लागलं.

आता कंपनीची बाजू ऐकू, कारण ती अगदीच पोकळ नाही. चेक आला की कोणीतरी तो उघडायचा, बँकेत भरायचा, कोणत्या ग्राहकाचा ते जुळवायचं. काउंटरवर बिल भरलं की काउंटरवाल्याला मोबदला द्यायचा. काही जण विसरतात, त्यांना स्मरणपत्रं पाठवायची, फोन करायचे. काहींची रक्कम शेवटी बुडते. डायरेक्ट डेबिटमध्ये यातलं बरंचसं गळून पडतं आणि ठरल्या दिवशी पैसे जमा होतात. ब्रिटनचा वीज-गॅस नियामक ऑफजेम हा फरक उघडपणे मान्य करतो. १ जानेवारी २०१९ पासून तिथे घरगुती वीज-गॅसच्या दरांना जी कमाल मर्यादा लागू आहे, ती डायरेक्ट डेबिटवाल्यांसाठी वेगळी आणि बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी, म्हणजे जास्त, ठरवली जाते. अलीकडच्या वर्षांत सर्वसाधारण घराला हा फरक वर्षाला शंभर पौंडांहून जास्त पडला आहे. बुडीत रकमा आणि पैसे अडकून पडल्याचा खर्च त्यात धरलेला असतो.

पण खर्च वाचतो, एवढाच कंपनीचा लाभ नाही. पैसे आपोआप जाऊ लागले की माणूस बिल बारकाईने वाचत नाही. दर थोडा वाढला तर लक्षात येत नाही. दुसरी कंपनी स्वस्त देते का, हे शोधायला निमित्त उरत नाही. दर तीन महिन्यांनी हातात बिल घेऊन रांगेत उभी राहणारी बाई मात्र प्रत्येक आकडा पाहते. असा ग्राहक कंपनीला महाग पडतो, आणि तो हाताळणी खर्चामुळेच महाग पडतो असं नाही.

घरगुती फोनच्या बाबतीत ब्रिटनमध्ये हा विषय पेटला तो २००७ साली. सरकारी मालकीची फोन कंपनी बीटी १९८४ मध्ये खासगी झाली होती, तरी घराघरातल्या फोनच्या तारा बहुतांश तिच्याच होत्या. १ मे २००७ पासून तिने डायरेक्ट डेबिट न करणाऱ्या ग्राहकांना तिमाहीला साडेचार पौंड जादा आकार लावला. वर्षाचे अठरा पौंड. रक्कम लहान वाटते, पण ती बिलाच्या आकाराप्रमाणे बदलत नव्हती. तिमाहीचं बिल दीडशे पौंड असेल तर साडेचार पौंड म्हणजे तीन टक्के. एकट्या राहणाऱ्या, फोन बहुतेक येणारेच घेणाऱ्या आजींचं बिल चाळीस पौंड असेल तर तीच रक्कम अकरा टक्क्यांहून जास्त होते. इतर फोन आणि केबल कंपन्यांनीही असे आकार लावले होते, त्यामुळे तुम्ही पाहिलेली बिलं कोणत्या कंपनीची हे विचारायची गरज नाही.

हा आकार कोणावर पडला ते पाहिलं की तुमच्या बांची गोष्ट नीट उलगडते. डायरेक्ट डेबिट नको म्हणणारे लोक ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक, ज्यांचं बँकेत खातंच नाही किंवा अगदी साधं खातं आहे. दोन, ज्यांच्या खात्यात महिन्याच्या काही दिवशीच पैसे असतात. चुकीच्या दिवशी वजावट आली आणि खात्यात शिल्लक नसली, तर बँक आपला दंड वेगळा लावते. म्हणून भाडं, वीज, फोन यांत आधी काय भरायचं हे त्यांना स्वतः ठरवायचं असतं. तीन, वयस्कर माणसं, ज्यांना पावती हातात आल्याशिवाय व्यवहार पुरा झाल्यासारखा वाटत नाही. पहिल्या दोघांना ही चैन नाही, गरज आहे. गंमत अशी की शिल्लक बेतास बात असणारा माणूसच पैशाच्या तारखा सगळ्यात काटेकोर सांभाळतो, आणि त्या काटेकोरपणाचाच त्याला भुर्दंड बसतो.

आता कायदा. हे चालतं कसं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर काळानुसार आणि देशानुसार बदललेलं आहे.

ब्रिटनमध्ये २००७ साली असा आकार लावायला थेट बंदी नव्हती. ग्राहक करारातल्या अन्यायकारक अटींविरुद्ध १९९९ चे नियम होते, पण त्यांत एक मोठी पळवाट होती: वस्तूची किंमत योग्य की अयोग्य, याची छाननी त्या नियमांखाली होत नाही. मग जादा आकार हा किमतीचाच भाग की वेगळी अट? २००९ च्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या ओव्हरड्राफ्ट शुल्काच्या गाजलेल्या खटल्यात बँकांच्या बाजूने कौल दिला आणि असं शुल्क हा किमतीचा भाग मानला. खटला बँकांचा होता, पण शुल्काविरुद्ध भांडणाऱ्या सगळ्याच ग्राहकांचा त्याने विरस केला. फोनचा नियामक ऑफकॉम याने डिसेंबर २००८ मध्ये जादा आकारांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. त्यांचा भर होता स्पष्टतेवर: आकार लावायचा असेल तर ग्राहकाला तो आधी, ठळकपणे कळला पाहिजे.

पुढे दोन टप्प्यांत कायदा कडक झाला. एप्रिल २०१३ पासून नियम आला की पैसे भरण्याच्या कोणत्याही पद्धतीसाठी ग्राहकाकडून त्या पद्धतीच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही. मग १३ जानेवारी २०१८ पासून डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने पैसे भरणाऱ्या सामान्य ग्राहकाकडून त्यासाठी वेगळं शुल्क घेणंच बंद झालं. चेक आणि रोखीचा मुद्दा मात्र जुन्या खर्चाच्या नियमावरच राहिला.

याहून रंजक निकाल युरोपातला. ऑस्ट्रियात टी-मोबाइल कंपनी, जे ग्राहक बँकेची कागदी चलनं भरून किंवा ऑनलाइन बँकिंगने बिल भरत, त्यांच्याकडून तीन युरो जादा घेत असे. तिथल्या ग्राहक संघटनेने कंपनीला कोर्टात खेचलं, कारण ऑस्ट्रियाच्या कायद्याने असं शुल्क सरसकट बंद केलं होतं. प्रश्न युरोपीय न्यायालयात गेला. ९ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने सांगितलं की कागदी चलन असो की ऑनलाइन हस्तांतरण, दोन्ही पैसे देण्याची साधनंच आहेत, आणि त्यांच्या वापरावर शुल्क घ्यायला सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सदस्य देशाला आहे. सबब एकच, ती कंपनीच्या जमाखर्चाला सोयीची. पण एका देशात ती चालली आणि दुसऱ्या देशात कायद्यापुढे टिकली नाही.

मात्र या सगळ्या कायद्यांत एक दार उघडं आहे: शुल्क लावता येत नाही तिथेही सवलत देता येते. समजा फोनचा महिन्याचा दर वीस पौंड आणि डायरेक्ट डेबिट न केल्यास दोन पौंड जादा, असं लिहिलं तर ते शुल्क. दर बावीस पौंड आणि डायरेक्ट डेबिट केल्यास दोन पौंड सूट, असं लिहिलं तर ती सवलत. खिशातून जाणारे पैसे दोन्हीकडे सारखे. तरीही फरक निव्वळ शब्दांचा नाही. सवलतीच्या मांडणीत कंपनीला जाहिरातीत मोठा आकडा छापावा लागतो, आणि वीस पौंडांच्या आशेने आलेल्या ग्राहकाला बिल हाती पडल्यावर धक्का बसत नाही. म्हणून सवलतीला परवानगी आणि शुल्काला मनाई, हा कायद्याचा कल मला योग्य वाटतो. त्याने गरिबाचं बिल कमी होत नाही, पण निदान खरी किंमत दाराबाहेरच्या पाटीवर येते.

तुमचा तिसरा प्रश्न, आपल्याकडे येईल का? पद्धतीनुसार दर बदलणं आपल्याकडे आलेलंच आहे, पण बहुधा सवलतीच्या रूपात. महावितरण ऑनलाइन बिल भरणाऱ्याला ०.२५ टक्के सूट देते, कमाल ५०० रुपये. कागदी बिल नको म्हणणाऱ्याला गो-ग्रीन योजनेत प्रत्येक बिलामागे दहा रुपये. काउंटरवर वेळेत बिल भरणाऱ्या आजोबांना दंड नाही, फक्त सूट नाही. रेल्वेचा प्रकार उलटा. आयआरसीटीसीवरून तिकीट काढलं तर सुविधा शुल्क पडतं: विनावातानुकूलित डब्यासाठी १५ रुपये आणि वातानुकूलितसाठी ३० रुपये, यूपीआयने भरल्यास १० आणि २०, वर जीएसटी. खिडकीवर रांगेत उभं राहणाऱ्याला ते पडत नाही. म्हणजे इंग्लंडात रांगेला भुर्दंड आणि इथे रांग टाळण्याला.

वजावटीच्या परवानगीबाबत मात्र आपला नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. कार्ड किंवा यूपीआयवरच्या ऑटो-पेसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना मिळायला हवी, आणि सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांवरच्या प्रत्येक वजावटीला पुन्हा ओटीपीसारखी संमती लागते.

बांसाठी आज काय करता येईल? ब्रिटनमध्ये डायरेक्ट डेबिटमागे बँकांची एक हमी असते. रक्कम किंवा तारीख बदलणार असेल तर ग्राहकाला आधी कळवावं लागतं, सहसा कामाचे दहा दिवस. चुकीची वजावट झाली तर आपली बँक पूर्ण रक्कम लगेच परत करते, कंपनीशी भांडत बसावं लागत नाही. आणि परवानगी केव्हाही बँकेला सांगून रद्द करता येते. फक्त कंपनीलाही कळवावं, नाहीतर बिल थकीत राहतं. हे कळल्यावर बांची भीती थोडी कमी होऊ शकेल. पेन्शन ज्या दिवशी जमा होते त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख मागून घ्यावी. पुष्कळ कंपन्या ती देतात. तरीही बांना नकोच असेल, तर डेबिट कार्डाने भरलं तर जादा पडतं का, हे मुलीने फोन करून विचारावं. कार्डाने भरण्याबद्दल वेगळं शुल्क दाखवलं, तर २०१८ च्या नियमाचं नाव घ्यावं. आणि हो, ऑफकॉमच्या दबावानंतर एप्रिल २०१८ मध्ये बीटीने ज्यांच्याकडे फक्त घरचा फोन आहे, ब्रॉडबँड नाही, अशा सुमारे दहा लाख ग्राहकांचं महिन्याचं भाडं १८.९९ पौंडांवरून ११.९९ वर आणलं होतं. त्यांत बहुतांश वयस्कर माणसंच होती. तेव्हा साडेचार पौंडांवर वाद घालण्याआधी बांचा मूळ दर कोणता आहे, हे मुलीने एकदा तपासावं. जास्त पैसे तिथेच वाचण्याचा संभव आहे.