चिपची प्रतवारी : संगणक घेण्याआधी एवढं वाचा

मैत्रिणींनो, गटाच्या हिशेबासाठी संगणक घ्यायला गेलं की दुकानदार आधी प्रोसेसरचं नाव सांगतो. प्रोसेसर म्हणजे सगळी आकडेमोड करणारी चिप. एकाच कारखान्यातल्या चिपांचे भाव वेगवेगळे का असतात?

सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर, म्हणजे साधारण फूटभर रुंद चकतीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात. पण एका बागेतली डाळिंबं सारखी भरत नाहीत, तशा चिपाही अगदी सारख्या उतरत नाहीत. म्हणून प्रत्येक चिप तपासतात. कोणत्या वेगापर्यंत न चुकता चालते? किती तापते? वीज किती खाते? जास्त वेगाला टिकली तिला भाव जास्त. वेग गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके.

एखादा भाग बिघडलेला निघाला, तर तेवढाच बंद करून चिप विकता येते. २००८ साली एएमडी कंपनीने चार कोअरच्या चिपमधला एक बंद करून तीन कोअरचा प्रोसेसर बाजारात आणला.

तेव्हा खालची प्रत म्हणजे खराब माल नव्हे. लिहिलेल्या वेगाला ती नीट चालते. हिशेब, पत्रं, ऑनलाइन अर्ज यांना तेवढी पुरते. उगाच जास्त पैसे घालू नका.

मात्र नुसत्या लेबलवर जाऊ नका. १९९० च्या दशकात भामटे कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापत. पैसे देण्याआधी संगणक सुरू करायला लावा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट उघडा. प्रोसेसरचं नाव दिसेल. तेच नाव बिलावर लिहून घ्या.