पोस्टग्रेस आहे, तरी पायथनला सापडत नाही

प्रश्न : कर्नाळ्याच्या पक्ष्यांच्या नोंदींसाठी जँगोत वेबसाइट करतोय. उबंटू 24.04 वर पोस्टग्रेस चालू आहे, पण सायकोपीजी2 टाकताना ‘पीजी-कॉन्फिग सापडले नाही’ म्हणून अडतं. पिपही आधी नकार देत होतं. ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ लावून पुढे गेलो. काय करू? – एक विद्यार्थी, नवीन पनवेल

उत्तर : आधी तो पर्याय काढा. उबंटूची स्वतःची कित्येक साधनं त्याच पायथनवर चालतात, म्हणून पिप अडवत होतं. पायथन3-व्हीईएनव्ही बसवून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये वेगळं आभासी वातावरण करा आणि सगळं त्यातच टाका.

आता मूळ अडचण. सायकोपीजी2 तुमच्या मशीनवर सी भाषेतून कंपाइल होतं. त्याला पोस्टग्रेसच्या हेडर फाइल्स कुठे आहेत हे पीजी-कॉन्फिग सांगतं, आणि नुसता सर्व्हर बसवून त्या फाइल्स येत नाहीत. ॲप्टने लिबपीक्यू-डेव्ह, पायथन3-डेव्ह आणि बिल्ड-इसेन्शियल ही तीन पॅकेजेस घ्या, मग पिप पुन्हा चालवा. घाई असेल तर सायकोपीजी2-बायनरी लगेच बसतं. शिकायला, तपासायला उत्तम, पण प्रत्यक्ष सर्व्हरवर कंपाइल केलेलंच ठेवा.

डेटाबेस यूटीएफ-8 मध्येच तयार करा. शिवाय रकान्याची लांबी सढळ ठेवा, मराठीत इथे हमखास फसगत होते. ‘तांबट’ तीन अक्षरी दिसतो, पण काना आणि अनुस्वार वेगळे मोजले जाऊन पोस्टग्रेसच्या हिशेबी तो पाच वर्णांचा होतो.